तीन बोटं खाली

सासूबाईंच्या बैठकीवरून ती गाडी निवडली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे प्रताप झाले, ते एवढी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरल्यामुळेच झाले.

सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन होऊन नवा सांधा बसला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की यापुढे खोल खुर्चीत बसायचं नाही, गुडघे कमरेच्या वर येता कामा नयेत, नाहीतर सांधा निसटेल आणि पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. घरची जुनी गाडी इतकी बुटकी होती की तिच्यात धडधाकट माणूससुद्धा कुल्ल्यांवर आपटूनच बसायचा. म्हणून सून सासूबाईंना घेऊन शोरूममध्ये गेली. विक्रेता इंजिनाचं कौतुक सांगत राहिला आणि सासूबाई एकेका गाडीचं दार उघडून, तिच्याकडे पाठ करून, नुसत्या टेकून बघत राहिल्या. बऱ्याच गाड्या नापास झाल्यावर एका उंच क्रॉसओव्हर गाडीत त्या खुर्चीत बसावं तशा बसल्या आणि काठी न टेकता उठल्या. रंग ओल्या सिमेंटसारखा होता, कुणालाच आवडला नव्हता. पण उंची जमली होती, आणि घ्यायची होती ती उंचीच.

उंची हवी होती सासऱ्यांसाठी. सासरे शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शुश्रूषागृहात होते. त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस पुसलं गेलं होतं. आधी शेजारी, मग सून, मग पोटचा मुलगा. बायकोचं नावही गेलं. राहिला होता तिचा हात. सासूबाईंनी चमचा धरला की सासरे तोंड उघडत. दुसऱ्या कुणी धरला की ओठ असे मिटत की सुरीनेसुद्धा उघडू नयेत. दिवसभराच्या खाण्यात त्यांचं खरं खाणं म्हणजे ती सकाळची एक वाटी. बाकी वेळ पेल्यातलं घट्ट पेय नळीने ओढायचे, तेही लहर आली तर. म्हणून रोज सकाळी सून कामावर जाताना सासूबाईंना तिथे सोडायची आणि जेवणाच्या सुट्टीत परत आणून घालायची. रविवारीही चुकायचं नाही. दोघी बायकांचं हे बिनबोभाट चाललं होतं.

सून दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. परक्यांच्या तोंडातून आलेले साचे, झिजलेल्या कवळ्या, त्यांच्या फटीत अडकलेलं वाळलेलं अन्न, हे सगळं तिच्या हाताखालून जायचं आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. शिसारी म्हणजे काय हे तिला नोकरीने शिकवलं नाही. ते तिला नवऱ्याने शिकवलं.

नवरा फरशांच्या कंपनीत विक्री विभागात होता. सरळमार्गी माणूस, दारू नाही, जुगार नाही. लोक सुनेला भाग्यवान म्हणायचे. एका रविवारी तो टायरांत हवा भरायला म्हणून गेला आणि फर्निचरच्या दुकानामागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये एका टोळक्यापाशी रेंगाळला. दर रविवारी ते लोक आपापल्या गाड्यांची बॉनेटं उघडी टाकून तिथे उभे असत. त्यांतल्या कुणीतरी त्याची सिमेंटच्या रंगाची गाडी बघितली, मागच्या सीटवर पडलेली सासूबाईंची उशी बघितली, आणि त्याचं नाव ठेवलं ‘फॅमिली’. सगळे खो खो हसले. तोही हसला, पण ते त्याला इतकं लागलं की तिथून पुढे त्याने जे जे केलं ते ते हे नाव पुसायला केलं. वयाच्या पंचेचाळिशीत.

आधी हवेचा फिल्टर बदलला. गाडी मोकळा श्वास घेते म्हणाला. मग सायलेन्सर बदलला, तेव्हा गल्लीतली कुत्री गाडी वळणावर असतानाच भुंकायला लागली. मग टोळक्यातल्या ‘गुरू’ नावाच्या वर्कशॉपवाल्याने लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्राम चढवला. त्याला ते लोक मॅप म्हणत. मॅप चढला आणि पायाखालचं पेडल सोडलं की मागून बार उडाल्यासारखे फाड फाड आवाज यायला लागले. सुनेला वाटलं, काहीतरी बिघडलं. नवऱ्याने अभिमानाने सांगितलं की हे मुद्दाम करून घेतलंय, यात थोडं पेट्रोल फुकट जळतं एवढंच. फुकट जळलेल्या पेट्रोलचा वास उशीच्या अभ्र्याला, त्याच्या केसांना, तिच्या दोरीवरच्या कपड्यांना लागला. तो रात्री कूस वळवून जवळ आला की तिला गॅरेजच्या जमिनीवर झोपल्यासारखं वाटायचं आणि ती भिंतीकडे तोंड करायची.

मग आला तो डबा. इंजिनातून उडणारी तेलाची वाफ पुन्हा इंजिनात जाऊ नये म्हणून मध्ये एक छोटा धातूचा डबा बसवतात, त्यात ती वाफ साचते. तांत्रिकदृष्ट्या चांगलीच गोष्ट असेल. पण त्या टोळक्यात या डब्याचं एक व्रत होतं. दर रविवारी डबा उघडायचा, आतला घट्ट पिवळट-तपकिरी राडा ओतून काढायचा, त्याचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. कुणाचा किती, कुणाचा दाट, कुणाच्यात पाणी जास्त, यावर प्रौढ पुरुष तास तास चर्चा करत. लहान मुलं शीच्या भांड्यात काय झालं ते बघायला आईला बोलावतात, त्याचीच ही मोठेपणीची आवृत्ती.

एका रविवारी सून स्वयंपाकघरात आली तर नवरा ओट्यापाशी उभा. सासऱ्यांचं खाणं ज्या वाटीत भरलं जायचं, त्या काचेच्या वाटीत त्याने तो राडा ओतला होता, कारण काचेत रंग चांगला दिसतो. खिडकीच्या उजेडात धरून तो वाटी हलकेच फिरवत होता आणि राडा काचेला चिकटत खाली ओघळत होता. मग त्याने त्यात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं आणि नाकाशी नेलं. त्याने वर बघितलं आणि हसून म्हणाला की इतका तर गुरूच्या गाडीतही निघत नाही.

तिने ती वाटी हातमोजे घालून कचऱ्यात टाकली. नवरा म्हणाला, साबणाने निघालं असतं. सासूबाई खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, जाऊ दे गं, पुरुषमाणसाला काहीतरी विरंगुळा लागतो. सासूबाईंचं सगळं सोसायला सुनेची ना नव्हती, पण मुलाला पाठीशी घालण्याची त्यांची ही सवय तिच्या डोक्यात जायची.

गोष्ट इथेच थांबली असती तर घरोघरच्या कटकटींतली एक म्हणून खपून गेली असती. पण एका शनिवारी दुपारी दोघी परतल्यावर नवरा गाडी गुरूकडे घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला तेव्हा गाडी बसकी झाली होती. चाकं आणि त्यांच्या वरच्या कमानी यांच्यात आता बोटही शिरत नव्हतं. स्प्रिंगा बदलून गाडी तीन बोटं खाली आणली होती, आणि पुढच्या दोन्ही सीटा काढून तिथे शर्यतीच्या गाडीतल्यासारख्या कडक, खोलगट सीटा बसवल्या होत्या; दोन्ही बाजूंना मांडीला धरून ठेवणारे उंच काठ, आणि तळ जवळजवळ गाडीच्या फरशीला टेकलेला. वळणावर माणूस हलत नाही म्हणे. सून गाडीकडे बघत उभी राहिली. तिला एकच प्रश्न विचारायचा होता आणि तो इतका साधा होता की तो विचारावा लागतोय याचीच तिला लाज वाटली. तिने विचारलं, आई कुठे बसणार?

नवऱ्याने असं बघितलं की जणू तिने गाडीत म्हैस कुठे बांधायची ते विचारलं. मग म्हणाला, बसेल की, सीटच आहे ती.

सासूबाई बसल्या. रविवारी सकाळी दाराला धरून, काठावरून मांडी घासत, त्या खड्ड्यात उतरल्या, आणि त्यांचे गुडघे कमरेच्या वर आले. मागे बसवावं तर पुढच्या सीटच्या कडक पाठीमुळे मागे पाय ठेवायला जागाच उरली नव्हती. शुश्रूषागृहात पोचल्यावर सुनेने आणि तिथल्या मावशींनी मिळून त्यांना ओढून उभं केलं. त्या दिवशी भरवताना अर्धी वाटी सासऱ्यांच्या छातीवर सांडली.

सोमवारी सासूबाई म्हणाल्या, मला सर्दी होईलसं वाटतंय, तिथे म्हातारी माणसं असतात, आज नको. मंगळवारी घसा धरला. बुधवारी कंटाळा आला म्हणाल्या. ज्या बाईने पडायच्या आधी पावसापाण्यात बसने जाऊन नवऱ्याला भरवलं, तिला कंटाळा आला. सुनेला कळायचं ते कळलं. तिने टॅक्सी बोलावते म्हटलं, तर सासूबाईंनी साफ नकार दिला. घरात गाडी असताना टॅक्सी केली तर त्याला काय वाटेल, हे त्यांचं म्हणणं. दोन पावलांवर नवरा सोफ्यात पडून फोनवर कुणाच्या तरी डब्यातला राडा बघत होता. त्याला काय वाटेल याची काळजी करायला एक माणूस घरात होतं, त्यामुळे त्याला स्वतःला काही वाटण्याची गरजच पडत नव्हती.

सून एकटी जायला लागली. रोज वाटी घेऊन सासऱ्यांसमोर बसायची. ते तिला सभ्यपणे बाई म्हणायचे, आपली बायको आली की जेवू असं सांगायचे आणि दाराकडे बघत बसायचे. पुढच्या शनिवारी तिथल्या सिस्टरने तिला बाजूला घेतलं. वजन उतरत चाललंय, पेयही घेत नाहीत. दोन-चार दिवसांत खायला लागले नाहीत तर नाकातून नळी घालावी लागेल. अशा माणसाला नळी कळत नाही, ते ती ओढून काढतात, मग हात बांधावे लागतात. सिस्टर हे रोज कुणाला ना कुणाला सांगत असणार, तरी सांगताना तिने नजर खाली घातली.

त्या संध्याकाळी सुनेने घरात जे आजवर केलं नव्हतं ते केलं. टीव्ही बंद केला आणि नवरा आणि सासूबाई यांच्या मध्ये उभी राहिली. नळीचं सांगितलं. हात बांधण्याचं सांगितलं. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला.

“गाडी होती तशी करून आण,” ती नवऱ्याला म्हणाली. “उद्याच्या उद्या.”

नवरा हादरला होता, हे खरं. वाईट माणूस नव्हताच तो, तीच तर पंचाईत होती. जुन्या स्प्रिंगा गुरूने भंगारात घातल्या, सीटा कुणीतरी नेल्या, असं तो चाचरत म्हणाला. मग त्याने विचार केला, आणि हळूहळू त्याचे डोळे चमकायला लागले.

“एअर सस्पेन्शन,” तो म्हणाला. “बटण दाबलं की गाडी वर. आई बसली की परत खाली. गुरूकडे किट येऊन पडलंय. आता आईसाठीच करायचं म्हटल्यावर तूसुद्धा नाही म्हणणार नाहीस.”

बापाच्या नाकात नळी जायची वेळ आली होती आणि या माणसाला त्यात पुढचा पार्ट दिसला होता. आईच्या मोडक्या खुब्याचं त्याने निमित्त केलं होतं, तेही इतक्या निरागस आनंदाने की त्याला थोबाडीत मारली असती तरी का मारली ते कळलं नसतं.

सासूबाईच मध्ये पडल्या. किट बसेल तेव्हा बसेल, म्हणाल्या, उद्या रविवार आहे, तू मला घेऊन चल, खाली जाड उशी घालू, मी बसेन. सुनेने टॅक्सीचं पुन्हा सांगून पाहिलं. सासूबाईंनी हात वर करून तिला गप्प केलं. मुलगा स्वतः नेतोय म्हटल्यावर त्यांना पंख फुटले होते.

रविवारी उशी घातली. उशीमुळे कमर वर आली, पण उंच काठांमध्ये उशी सरकून सासूबाई एका कुशीवर कलायला लागल्या, म्हणून उशी काढली. सासूबाई पुन्हा त्या खड्ड्यात उतरल्या, खाण्याची वाटी मांडीवर घट्ट धरून. सून मागे पाय मुडपून आडवी बसली. रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला गाडी धाडकन आपटायची आणि सासूबाईंच्या नाकातून एक बारीक आवाज निघायचा. नवरा दर वेळी सॉरी म्हणायचा. सासूबाईंना की गाडीला, ते सुनेने विचारलं नाही.

शुश्रूषागृहाच्या अंगणात सासरे मावशींचा हात धरून उन्हात उभे होते. त्यांना मुद्दाम बाहेर आणलं होतं. गाडी फाटकातून वळली, नवऱ्याने पेडल सोडलं आणि मागून तीन-चार बार उडाले. सासऱ्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ते मावशींच्या पाठीमागे लपले. एवढा उंचापुरा माणूस, त्या बुटक्या बाईच्या मागे. कितीतरी वेळ त्यांचे खांदे हलत होते.

सासूबाईंना उतरता आलं नाही. सुनेने आणि मावशींनी ओढायला घेतलं तर त्यांचा चेहरा पांढरा पडला. सिस्टर धावत आली, खुब्याकडे एकदा बघितलं आणि हात लावू नका म्हणून ओरडली. वरच्या मजल्यावरच्या दोघा पुरुष मदतनिसांना बोलवायला माणूस गेला, ते कुणाला तरी आंघोळ घालत होते. या बाईंना असल्या सीटवर बसवलं कुणी, असं सिस्टरने विचारलं. नवरा म्हणाला, सीट चांगल्या कंपनीची आहे.

वाटी गार होत होती. सासूबाईंनी सुनेला खुणेने सांगितलं, त्यांना इकडे आण. मावशींनी सासऱ्यांना समजावत उघड्या दारापाशी आणून एका स्टुलावर बसवलं. स्टूल बुटकंच होतं, तरी सासूबाई त्याहून खाली. सासऱ्यांनी खाली वाकून त्या खड्ड्यातल्या बाईकडे बघितलं आणि ते तिला ओळखत नव्हते. मग सासूबाईंनी चमचा भरला आणि हात वर केला. जितका वर जाईल तितका, खांद्यातून ताणून. सासरे त्या हाताकडे बघत राहिले. आणि त्यांनी तोंड उघडलं.

एक चमचा, मग दुसरा. वर नेताना कळेने सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि त्या तोंडाने सावकाश, सावकाश म्हणत होत्या. सिस्टरने पाठ फिरवून नाक पुसलं. सुनेने नवऱ्याला बघायला बोलवावं म्हणून मान वळवली. निदान हे तरी त्याने बघावं, असं तिला मनापासून वाटलं.

तो गाडीच्या पलीकडच्या बाजूला मागच्या चाकापाशी गुडघे टेकून बसला होता. गाल जमिनीला लावून तो कमानीच्या आत मोबाईलचा उजेड पाडत होता. टायरवर बोट फिरवून त्याने ते नाकाशी नेलं.

दोघे मदतनीस आले. सासूबाईंच्या खाली चादर सरकवून, सिस्टर सांगेल तसं, त्यांनी त्यांना अख्खंच्या अख्खं बाहेर काढलं आणि काठीवर उभं केलं. सिस्टरने तपासलं, सांधा जागेवर होता. सासूबाई दम खात उभ्या राहिल्या. मग त्यांनी मुलाला हाक मारली. तो पँटचे गुडघे झटकत आला.

“तू घरी जा,” त्या म्हणाल्या. “आम्ही दोघी टॅक्सीने येऊ. उद्यापासून रोजच टॅक्सीने जाऊ.”

त्या हे बोलल्या ते त्याने नको म्हणावं म्हणून. सुनेला ते स्वच्छ कळलं. आई असं कसं, मी आहे ना, गाडी आजच नीट करून आणतो, यातलं एखादं वाक्य. तेवढ्यावर सासूबाई पुन्हा त्या खड्ड्यात उतरायला तयार झाल्या असत्या.

“नक्की ना?” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. “तेच बरं. तीन माणसं बसली की मागचं टायर कमानीला घासतंय गं. एकटा असलो की नाही घासत.”

त्याने आईच्या पाठीवरून हात फिरवला, गाडीत बसला आणि निघाला. फाटकाबाहेर पडताना बार उडाले. सासऱ्यांनी पुन्हा कान झाकले. आवाज वळणापलीकडे गेला तरी सासूबाई फाटकाकडेच बघत होत्या.

“हायसं वाटलं त्याला,” त्या म्हणाल्या. “बघितलंस ना?”

सासूबाईंच्या ओठांची टोकं खाली ओढली गेली होती आणि नाकपुड्या आक्रसल्या होत्या. सुनेला तो चेहरा ओळखीचा होता; कित्येक महिने ती तोच चेहरा घेऊन नवऱ्याकडे बघत होती. मुलगा कसा आहे ते सासूबाईंना एकदा तरी दिसावं म्हणून तिने काय काय केलं नव्हतं. आता दिसलं, आणि आईच्या तोंडावर ते तिला बघवेना.

“नाही आई,” ती म्हणाली. “माझं लक्ष नव्हतं.”

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, खोटं ऐकून घेतलं आणि वाटी मागितली. तळाला अजून दोन-तीन चमचे उरले होते.